कोंडाक्का उठली नाही

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मागच्या खेपेला एकानं विचारलं आणि सगळी मंडळी आपापल्या पणजोबांची वयं काढत बसली, गोष्ट राहिली बाजूला. आमच्या कारंडी गावाची ही जुनीच खोड आहे. खरं काम समोर पडलेलं असतं आणि आम्ही भलत्याच गोष्टीवर वाद घालत बसतो. ही गोष्ट त्याच खोडीची आहे, म्हणून सांगतो. मध्ये बोलू नका.

कारंडी माणदेशात आहे. वर मुरमाड माळ, खाली नदी, आणि नदीत वर्षाचा बहुतेक काळ नुसती वाळू. पाऊस आमच्या डोक्यावरून पुढच्या मुलखाला जातो. त्या काळी गावाला विहीर एकच, तिला थोरली विहीर म्हणत. चांगली ऐसपैस, आत उतरायला दगडी पायऱ्या असलेली. पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी वरपर्यंत असे. मग ते हळूहळू खाली जाई, आणि चैत्र लागला की तळाला एक खड्डा तेवढा उरे. त्याला झिरा म्हणायचं. झिऱ्यात बाजूनं पाणी पाझरून जमे, ते नारळाच्या करवंटीनं घागरीत भरायचं, घागर भरली की पुढची लावायची. हे काम करायला एक माणूस दिवसभर तळाशी बसून राहायला लागे. ते माणूस म्हणजे कोंडाक्का.

कोंडाक्का विधवा होती, घरी एकच मुलगा, सावळा नावाचा. बाईचा आवाज मोठा आणि स्वभाव कडक. तिनं भरलेली घागर कधी अपुरी नसे आणि तिचं बोलणं कधी गोड नसे. पाटलाच्या घरची घागर आधी भरा म्हणून कुणी वरून ओरडलं, तर ती खालून म्हणे, "पाटलाला म्हणावं रांगंत ये. तहान काय गढीवर वायली लागती का?" विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे हे सगळ्या गावाला ऐकू जाई. पाटलालाही जाई. पण उन्हाळ्यात तिच्याशी भांडण काढायची कुणाची छाती नव्हती, असं म्हणतात.

इतकी वर्षं तळाशी बसून तिला विहीर अंगणासारखी पाठ झाली होती. वर हातभर माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, मुरमाखाली जाळी पडलेला कुजका खडक. पाणी येई ते या जाळीतून, चारी बाजूंच्या भिंतींतून. तळाला काळा फत्तर होता आणि त्यातून थेंबसुद्धा येत नसे. ती गावाला हे कितीदा सांगे. "पाणी बाजूनं येतंय रं, खालनं न्हाई." गाव हो म्हणे आणि विसरून जाई.

विसरण्याचं कारण होतं तळपाटी. आता तळपाटी म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण एवढा शहाणपणाचा रिवाज दुसऱ्या कुठल्या गावात तुम्हाला सापडणार नाही. कारंडीत ज्याचं लग्न ठरे, त्या नवरदेवानं हळद लागायच्या आधी थोरल्या विहिरीच्या तळाशी उतरायचं. हळदीचा दोरा बांधलेल्या पहारीनं तळाचा काळा फत्तर फोडायचा, पाटीभर दगड डोक्यावर घेऊन सगळ्या पायऱ्या चढायच्या आणि ते पिंपळाच्या पारावर ओतायचे. मुलीकडची माणसं पारावर बसून बघत. दगड जितका काळा, जितका घट्ट, तितका जावई मर्द. पारावर या दगडांची रास झाली होती. कुणाचे दगड कुठले, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. हा आमच्या आज्याचा धोंडा, हा आमच्या चुलत्याचा, असं दाखवत लोक त्या राशीपाशी मिरवत.

म्हणजे काय, तर गावात लग्नं होतील तशी विहीर खोल होत चालली होती. सुरुवातीला त्याचा फायदाही झाला, नाही असं नाही. खड्डा मोठा झाला की साठा थोडा वाढतो. म्हणून गावाचा समज असा पक्का झाला की जितकं खाली जाऊ, तितकं पाणी. पंचक्रोशीत आमची विहीर सगळ्यांत खोल, ही फुशारकी वेगळीच.

मग एका वर्षी एका नवरदेवाच्या पाटीतले दगड खालच्या अंगाला तांबडे निघाले. कुंकू पुसावं तसा तांबडा डाग. बाकीच्यांनी तिकडे पाहिलंही नाही. कोंडाक्कानं मात्र दगड हातात घेतला आणि डाग बोटानं घासला.

तिला तो तांबडा रंग माहीत होता. कारंडीच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर मेटकरवाडी आहे. तिथं नदीनं काठ कापून मोठी उभी दरड केली आहे. त्या दरडीत जमिनीचं पोट उघडं दिसतं. वर जाळीचा खडक, मग काळा फत्तर, आणि फत्तराच्या खाली हातभर जाडीची तांबडी, चिकण मातीची पट्टी. बायका भिंती सारवायला ती माती आणतात. कोंडाक्काही जायची. त्या पट्टीच्या वरच्या कडेनं पाणी ठिबकतं, कारण तांबडी माती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मेटकरवाडी त्या ठिबक्यावरच जगते. आणि पट्टीच्या खाली? खाली सगळा पोखरलेला दगड. भोकंच भोकं, त्यांत वटवाघळं, आणि पाण्याचं नाव नाही.

तिनं तिथल्या तिथं दोन्ही गोष्टी जोडल्या. नवरदेवांनी काळा फत्तर जवळजवळ संपवत आणला होता. आता विहिरीला बूड उरलं होतं ते हातभर तांबड्या मातीचं. त्याच्याखाली पोकळी.

ती पारावर गेली. पाटील होते, त्यांचं नाव गोंदा पाटील, आणि चार जाणती माणसं होती. ती म्हणाली, "तळपाटी बंद करा. तळाला आता पहार लागली, तर हिरीचं बूड फुटंल."

पाटील हसले. "अक्का, हिरीला कुठं बूड असतंय व्हय?"

पारावर पाटलांचा पाण्याचा माठ होता. कोंडाक्कानं तो भरलेला माठ उचलला, पाटलांच्या मांडीशी धरला आणि खापरीच्या तुकड्यानं त्याचं बूड खरवडायला लागली. खरवडता खरवडता बोलत होती, "पाणी वाढलं का, पाटील? वाईच आजून खरवडू? आता वाढलं का?" शेवटी भोक पडलं आणि सगळं पाणी पाटलांच्या धोतरावर गेलं.

आता कुणालाही समजेल की नाही? पण कारंडीच्या जाणत्या माणसांनी काय केलं असेल? माठ हातात घेऊन ते बघायला लागले. एक म्हणाला, माठ कच्चा भाजलेला होता. दुसरा म्हणाला, आपल्या कुंभाराची माती हल्ली बरोबर नाही. मग कुंभाराला बोलावलं आणि दिवस मावळेपर्यंत कुंभाराच्या मातीवर चर्चा झाली. कोंडाक्का कपाळ बडवून घरी गेली, असं म्हणतात. मी असतो तर मीही बडवलं असतं.

पुढच्याच उन्हाळ्यात तिच्या सावळाचं लग्न ठरलं. मुलगी मेटकरवाडीची, ठकू नाव. आईबाप नव्हते, मामानं वाढवलेली. कोंडाक्कानं बोलणीतच सांगून टाकलं, "माझ्या घरातनं तळपाटी निघायची न्हाई."

मामाला हे झोंबलं. तो म्हणाला, "पाटी न्हाई तर पोरगी न्हाई. माझा जावई दुबळा हाय असं चार गावांत व्हायला नगं."

"दुबळा असू दे, तान्हेला नसला म्हंजी झालं," कोंडाक्का म्हणाली.

पाटील मध्ये पडले, गाव मध्ये पडलं, आणि पाटीचं मागाहून बघू म्हणून लग्नाची तारीख तेवढी ठरली. सावळाला पारावरची पोरं चिडवू लागली. एवढा धिप्पाड गडी, आणि आईच्या पदराआड लपतोय म्हणाले. तो आईला म्हणाला, "आये, एक पाटी. येवढीशी. वरच्या वर फोडतो." आई उठून जात्यावर बसली. पोरगा गप्प राहिला, पण गप्प राहिला म्हणजे पटलं असं थोडंच असतं?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कोंडाक्का हळद दळत होती. सावळानं गुपचूप पहारीला दोरा बांधला आणि तो विहिरीत उतरला. वर मामा आणि निम्मं गाव गोळा झालं. पहिला घाव बसला आणि आवाज नेहमीसारखा खणखणीत आला नाही. रिकाम्या कणगीवर काठी मारावी तसा आला. कोंडाक्कानं जातं थांबवलं. दुसरा घाव बसला आणि पहार सावळाच्या हातातून निसटून सरळ खाली गेली. ती पडल्याचा आवाज कुणालाच आला नाही, असं म्हणतात. झिऱ्यातलं पाणी एकदा गरगरलं आणि त्या भोकात जायला लागलं. भिंतींतून पाझरणारं पाणीही मागोमाग त्याच वाटेनं निघालं.

सावळा वेड्यासारखा ओंजळीनं पाणी अडवायला लागला. तेवढ्यात पायऱ्यांवरून त्याची आई आली. हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे. तिनं पोराला बाजूला ढकललं, पदराचा बोळा करून भोकात कोंबला आणि त्याच्यावर फतकल मारून बसली. गुळगुळ आवाज थांबला.

"जा," ती सावळाला म्हणाली, "माती आन. तांबडी, चिकण. आन् पारावरचं धोंडं आन वर ठिवाय. नुसती माती पाण्यात धरत न्हाई, तिला वजन लागतंय. पळ!"

सावळा पळाला. आणि इथून पुढे मला जी चीड येते, ती अजून गेलेली नाही.

गावातली चिकण माती कुंभाराच्या खाणीत. कुंभाराच्या मातीला पारावर अख्खा दिवस नावं ठेवलेली. तो म्हणाला, "माझी माती बरुबर न्हाई ना? मग कशापायी मागताय?" त्याची समजूत घालायला चौघं बसले. सावळा पारावरून धोंडा उचलायला गेला, तर एकजण ओरडला, "आरं, तो आमच्या आज्याचा हाय!" सावळानं दुसऱ्या ढिगाला हात घातला, तर दुसरा आडवा आला. विहिरीतून मानानं वर काढलेला दगड परत विहिरीत? मग आज्याच्या मर्दपणाचं काय राहिलं? कुणी म्हणालं, आधी ज्यांचा वंश बुडाला त्यांचे धोंडे घ्या. मग कुणाचा वंश बुडाला यावर वाद. कुणी म्हणालं, सगळ्यांत जुने आधी. मग जुने कुणाचे यावर वाद. पाटील म्हणाले, सगळ्यांचं ऐकून घेऊ, तोवर कुणी आपल्याही धोंड्याला हात लावायचा नाही.

खाली ती बाई भोकावर बसलेली. वर हे.

आणि भोक बंद झाल्यामुळे विहिरीत पाणी साठायला लागलं. ते साधंसुधं साठलं नाही, असं म्हणतात. बाहेर पडायची वाट अडली हे समजल्यासारखं माळाखालचं सगळं पाणी त्या जाळीच्या खडकातून विहिरीकडे धावलं. भर उन्हाळ्यात भिंतींतून धारा लागल्या. पाणी कोंडाक्काच्या गुडघ्याला आलं, मग कमरेला. ती खालून बोलत होती. एकेकाचं नाव घेऊन, त्याच्या घराची सात पिढ्यांची कुळकथा काढून बोलत होती, आणि तिचा आवाज विहिरीतून असा घुमत होता की चुलीपुढं बसलेल्या बायकांना तो राखेतून ऐकू येई. वरची बडबड फारच वाढली की ती ओरडे, "उठू का मी?"

आणि सगळं गाव काठाशी धावून ओरडे, "नगं, अक्का, नगं!"

ओरडून झालं की परत पारावर जाऊन वाद सुरू. असं किती वेळ चाललं? कुणी एक दिवस सांगतं, कुणी आठवडा. माझ्या मते आमच्या गावाचा विचार करता आठवडाच असावा.

इकडे मेटकरवाडीत वेगळीच गंमत. ज्या सकाळी तळ फुटला, त्या सकाळी दरडीतल्या पोकळ भोकांतून तांबडं पाणी भसाभसा बाहेर आलं, आणि पाण्याबरोबर हळदीचा दोरा बांधलेली पहार बाहेर पडली. मेटकरवाडीनं हलगी वाजवली. मामा कारंडीहून परतला आणि ते पाणी बघून नाचायलाच लागला. म्हणाला, "पाटी मागितली, आख्खी हीर मिळाली!" पण नाच संपेपर्यंत पाणी थांबलं, कारण वर कोंडाक्का बसली होती. मामा चिडला. त्यानं कारंडीच्या पाटलांना सांगावा धाडला, की म्हातारीला उठवा, मग लगेच लग्न लावून देतो.

आणि सांगायला लाज वाटते, पण पारावर या सांगाव्यावरही चर्चा झाली.

ठकू मात्र दरडीपाशी उभी राहून बघत होती. जे पाणी भसाभसा आलं होतं, त्याचं झालं काय? कुणी घागर भरायच्या आत ते खाली वाळूत उतरून नाहीसं झालं होतं. तिथं ओला डागसुद्धा उरला नव्हता. मग तिनं वर बघितलं. तांबड्या पट्टीच्या वरचा ठिबका, ज्याच्यावर तिचं गाव पिढ्यान्‌पिढ्या जगत होतं, तो त्या सकाळी बंद पडला होता. आता मात्र परत एक थेंब येऊन लोंबत होता. थेंब पडला. मग दुसरा आला. ठकूला समजलं की ठिबक्याचं पाणी आणि कारंडीच्या विहिरीचं पाणी एकच आहे. वर बूड फुटलं, तर ते ना कारंडीचं राहणार, ना मेटकरवाडीचं. आणि वर कुणीतरी ते बूड धरून बसलंय.

तिनं मामाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथंही चर्चा झाली असती. तिनं पट्टीतली तांबडी माती खणून पाटी भरली, पहार खांद्यावर टाकली आणि ती भर उन्हात कारंडीला चालत आली. पारावरच्या कुणी तिला विचारलंही नाही की तू कोण. ती सरळ विहिरीत उतरली. पाणी कोंडाक्काच्या छातीला लागलं होतं.

"कोण गं तू?"

"मी ठकू. मेटकरवाडीची."

"तुजं लगीन मोडलंय, बाये."

"मोडू द्या, आत्याबाई. तुमी वाईच सरा, माती लावू द्या."

कोंडाक्कानं आयुष्यात कुणाला शाबासकी दिली नव्हती, तिलाही दिली नाही. म्हणाली, "पाटी सरळ धर, सांडतीयास." पण ती थोडीशी सरली. दोघींनी पाण्याखाली हात घालून ती माती भोकात दाबली, चहूबाजूंनी थापली. ठकू वर आली आणि तिनं गावातल्या बायकांना हाक मारली. कुंभारीण नवऱ्याला न विचारता खाणीतली माती घेऊन आली, तिच्यामागे बाकीच्या आल्या. पाटीमागून पाटी खाली गेली. भोक भरलं.

पण ओल्या मातीवर वजन हवं होतं, आणि वजन पारावर होतं. ठकूनं वर येऊन धोंडे मागितले. पारावरच्यांनी तिला सांगितलं, "पोरी, निम्म्यांवर एकमत झालंय. थोडं थांब."

ती खाली गेली. पाणी गळ्याला आलं होतं. "आत्याबाई, उठा. जरा वर या. माती धरंल."

"न्हाई धरायची. मी उठली की वाहून जाईल. धोंडं आलं की उठती." मग तिनं वर तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "उठू का मी?"

"नगं, अक्का, नगं!" गाव ओरडलं.

पाणी हनुवटीला आलं तेव्हा तिनं ठकूला पायऱ्यांकडे ढकललं. ठकू जात नव्हती. तेव्हा कोंडाक्का आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता बोलली, असं म्हणतात. म्हणाली, "जा. वर कुणीतरी बोलणारं पायजे. न्हाईतर ही माणसं इसरत्यात."

ठकू वरच्या पायरीवर पोचली तेव्हा विहीर गप्प झाली.

त्या आवाजाला गाव कंटाळलं होतं. पाटलांनी तर कानात कापूस घातला होता. पण तो आवाज थांबला आणि पारावरचं बोलणंही जागच्या जागी थांबलं. भर दुपारी गावातली कुत्रीसुद्धा गप्प होती, असं म्हणतात. सावळानं कुणाला न विचारता आपल्या बापाचे धोंडे उचलले, पाटी भरली आणि विहिरीत नेऊन सोडली. मग त्याच्यामागे कुंभार. मग सगळे. आज्याचे, चुलत्याचे, वंश बुडालेल्यांचे, कुणी निवडून काढत बसलं नाही. पाटलांनी आपल्या घराण्याचा मानाचा धोंडा स्वतः डोक्यावर नेला. संध्याकाळपर्यंत पार रिकामा झाला.

एका दुपारचं काम होतं हो. फक्त एका दुपारचं.

आता काही शहाणे सांगतात की कोंडाक्का मेलीच नाही, ती तांबड्या मातीची झाली आणि तळाला भिनली. कुणी म्हणतं, पाणी नितळ असतं तेव्हा खाली तिचे हळदीचे हात दिसतात. असेल. मला त्यात पडायचं नाही. गेली काय किंवा राहिली काय, ती उठली नाही, एवढं खरं. आणि तिला पाण्यानं नाही बुडवलं. तिला आमच्या चर्चेनं बुडवलं.

धोंडे टाकून झाले तरी ती शांतता ठकूला सहन होईना. सगळं गाव खाली माना घालून काठाशी उभं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून हे परत पारावर बसतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा ती, ना अजून सून झालेली, ना गावाची कुणी, काठावर उभी राहिली आणि बोलायला लागली. कोंडाक्काचेच शब्द, कोंडाक्काचाच सूर. पाटलापासून सुरुवात केली आणि सावळावर शेवट केला. सावळाला सगळ्यांत जास्त बोलली. मग पुढं तिनं त्याच्याशी लग्न केलं, पण बोलणं सोडलं नाही.

तेव्हापासून थोरल्या विहिरीचा तळ कुणी खोदलेला नाही. तळपाटी आजही होते, पण उलटी. नवरदेव आपल्या शेतातला एक धोंडा आणि मेटकरवाडीच्या दरडीची पाटीभर तांबडी माती घेऊन येतो आणि हळद लागायच्या आधी विहिरीत सोडतो. मुलीकडची माणसं बघायला येतात. धोंडा कुणाचा किती मोठा, यावर वाद होतोच, पण आता तो धोंडा खाली गेल्यावर होतो. पारावर अजून दगड नाहीत. तिथं बसायचं असेल तर बसा, पण पंचायत तिथं भरत नाही.

आणि दर उन्हाळ्यात, झिरा लागायच्या सुमाराला, बोलणीचा दिवस असतो. गावात सगळ्यांत नवी आलेली सून काठावर उभी राहते आणि सगळ्या गावाला बोलते. तिला मोकळीक असते. सासऱ्याला बोलावं, सरपंचाला बोलावं, ज्याला वाटेल त्याला. पुरुषांनी टोप्या काढून खाली मान घालायची आणि उत्तर द्यायचं नाही. मागच्या वर्षीची सून शहरातली होती, नखं रंगवलेली. आम्हाला वाटलं, ही काय बोलणार? पण माळावर एका बागायतदारानं बोअरची गाडी आणली होती आणि विहिरीपासून ओरडलं तर ऐकू येईल इतक्या जवळ खोल भोक पाडायचा त्याचा बेत होता. ती त्याला असं काही बोलली, की गाडी तशीच परत गेली. लोक म्हणतात, कोंडाक्का तिच्या तोंडून बोलली. तसं असेल. पण ती गाडी परत गेली म्हणजे कुठं गेली, तर शेजारच्या गावात, आणि ते पाणीही खालून आपलंच आहे, हे मी सांगतो तर आमचे लोक म्हणतात, बघू, मीटिंग घेऊ.

म्हणून यंदा बोलणीच्या दिवशी सगळ्यांनी या. शेजारच्या गावालाही आणा. सुनेचं बोलून संपलं की ती खाली विहिरीकडे बघते, थोडी थांबते, आणि कोंडाक्काच्या वतीनं विचारते,

"उठू का मी?"

तेव्हा टोपी हातात धरून, लहान-थोर सगळ्यांनी, जितक्या मोठ्यानं ओरडता येईल तितक्या मोठ्यानं ओरडायचं असतं. ती खाली ऐकत असते.

"नगं, अक्का, नगं!"